देवांचं काय जातं?

ट्रॉयच्या युद्धाची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते ती सोन्याचं सफरचंद, अकिलीसची टाच आणि लाकडी घोडा एवढ्याच्या आधाराने. होमरच्या ‘इलियड’मध्ये यातलं जवळजवळ काहीच नाही. तीन देवींमधली सुंदर कोण, याचा निवाडा पॅरिसने केल्याचा ओझरता उल्लेख येतो, तोही अगदी शेवटच्या, चोविसाव्या सर्गात. अकिलीसला बाळपणी स्टिक्स नदीत बुडवल्याची कथा सापडते ती कित्येक शतकांनंतर, स्टेशियस या रोमन कवीकडे. घोडा ‘ओडिसी’त आहे. साडेपंधरा हजारांवर ओळींच्या या काव्यात दहा वर्षांच्या युद्धातले शेवटच्या वर्षातले काही आठवडे तेवढे येतात आणि विषय आहे एका माणसाचा राग. सेनापती अगमेम्नॉन अकिलीसच्या वाट्याला आलेली ब्रिसेइस हिसकावून घेतो, अकिलीस रुसून लढाई सोडून बसतो, आणि त्यापायी त्याचा जिवलग पॅट्रोक्लस ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या हातून मरतो. पुढचं मग टळत नाही.

हे काव्य वाचताना मी अडखळतो तो देवांपाशी. एवढ्या गंभीर काव्यात इतके उथळ देव कशासाठी?

चौथ्या सर्गाच्या सुरुवातीला युद्ध खरं तर संपायला आलेलं असतं. हेलनचा नवरा मेनेलाउस आणि तिला घेऊन आलेला पॅरिस यांनी समोरासमोर लढून काय तो निकाल लावावा, असं दोन्ही सैन्यांनी शपथेवर ठरवलेलं आहे. मेनेलाउसने पॅरिसला जवळजवळ संपवलंच होतं. अ‍ॅफ्रोडाइटीने त्याला धुक्यात लपेटून उचलून नेलं म्हणून तो वाचला. निकाल स्पष्ट आहे. हेलनला परत द्यायचं आणि सगळ्यांनी घरची वाट धरायची. वर ऑलिंपसवर देव सोन्याच्या पेल्यांतून अमृत पीत खाली बघत बसले आहेत. झ्यूस हीराला डिवचतो, मग मिटवून टाकायचं का आता? हीरा उसळते. एवढा घाम गाळला, घोडे दमवले, ते सगळं फुकट? झ्यूस विचारतो, ट्रॉयच्या राजा प्रायमने आणि त्याच्या पोरांनी तुझं असं काय घोडं मारलंय? त्यांना कच्चं खाल्लंस तरच तुझा राग शमेल असं दिसतं. सूर्याखालच्या सगळ्या नगरांत ट्रॉय माझं सर्वांत लाडकं. तिथली माझी वेदी कधी नैवेद्यावाचून राहिली नाही. पण ठीक आहे, कर तुझ्या मनासारखं. मात्र उद्या तुझं एखादं आवडतं नगर बुडवावंसं मला वाटलं, तर आडवी येऊ नकोस. हीराचं उत्तर तयार असतं. माझी लाडकी नगरं तीन : आर्गोस, स्पार्टा आणि मायसीनी. हवी तेव्हा बुडव.

ही तिन्ही नगरं तिच्याच पक्षाची आहेत. मायसीनीचा राजा अगमेम्नॉन, स्पार्टाचा मेनेलाउस. हीरा पाठीशी आहे या भरवशावर त्यांची माणसं खाली मरताहेत, आणि वर ती त्यांची गावं सौद्यात टाकून मोकळी झाली आहे. मायसीनीचं वैभव इ.स.पू. १२०० नंतरच्या शतकभरात लयाला गेलं. काव्याला आजचा आकार आला तो साधारण इ.स.पू. आठव्या शतकात. म्हणजे मायसीनीपुरता तरी हा सौदा पुरा झालेला श्रोत्यांना ठाऊक होता. यानंतर अथीना खाली उतरते, पँडारस नावाच्या ट्रॉयकडच्या तिरंदाजाच्या कानाला लागते, तो मेनेलाउसवर बाण सोडतो, आणि शपथ मोडल्याचं पाप ट्रॉयच्या माथी बसतं.

देव लढाईतही उतरतात, पण तो सगळा पोरखेळ. पाचव्या सर्गात ग्रीकांचा डायोमिडीस अ‍ॅफ्रोडाइटीच्या मनगटाला भाला मारतो. ती किंचाळते, कवेतल्या मुलाला, इनीअसला, टाकून देते आणि एरीसचा रथ मागून घेऊन आईच्या मांडीवर जाऊन रडते. आई जखम पुसते, झालं, बरी. खुद्द युद्धदेव एरीसच्या पोटात भाला घुसतो तेव्हा तो नऊ-दहा हजार माणसांएवढं ओरडतो आणि बापाकडे तक्रार घेऊन धावतो. त्यालाही औषध लावून, न्हाऊमाखू घालून बसवतात. त्याच सर्गात भाला लागलेल्या माणसांची नावं होमर एकेक करून सांगतो : बाप कोण, गाव कुठलं, कुठल्या कलेत तरबेज. फेरेक्लस नावाचा एक सुतार त्यात आहे. पॅरिसची गलबतं त्यानेच बांधली होती. त्याच्यावर उपचार करायला कुणी येत नाही.

आपल्याकडच्या महायुद्धाची आठवण इथे येतेच. कुरुक्षेत्रावर कृष्णही पक्ष घेतो, आणि त्याचे काही डाव अथीनेच्या डावांहून सोवळे नाहीत. पण युद्ध सरल्यावर शंभर मुलं गमावलेली गांधारी त्याच्यासमोर उभी राहते आणि तुला थांबवता आलं असतं, तू थांबवलं नाहीस, म्हणून शाप देते. तो शाप कृष्ण स्वीकारतो, आणि छत्तीस वर्षांनी यादवकुळ आपसांत लढून संपतं. पक्ष घेण्याची किंमत व्यासांचा देव चुकती करतो. हेक्टरची आई हेक्यूबा अथीनेला शाप देऊ शकत नाही. दिला तरी तो लागणार कुठे? अथीनेला मरणारं कुळच नाही.

जिथे देवांचं माणसांशी रक्ताचं नातं जुळलेलं आहे, तिथे मात्र होमरचा हात बदलतो. सोळाव्या सर्गात झ्यूसचा मर्त्य मुलगा सार्पेडॉन मरायच्या बेतात आहे. त्याला उचलून नेऊ का, असं देवांचा राजा हीराला विचारतो. ती म्हणते, ने. पण मग प्रत्येक देव आपापल्या पोराला वाचवायला बघेल. झ्यूस गप्प होतो आणि जमिनीवर रक्ताचा पाऊस पाडतो. अकिलीसची आई थेटिस तर याहून अवघडलेली. मुलगा अजून जिवंत आहे आणि ती त्याचा शोक करते आहे. हेक्टरला मारलंस की पाठोपाठ तुझं मरण आहे, हे सांगणारी तीच, आणि त्या लढाईसाठी हेफेस्टसकडून नवं चिलखत घडवून आणणारीही तीच. अमरांच्या त्या गोतावळ्यात मला खरी वाटते ती ही एकटी.

उरला दोषाचा हिशेब. देवच सगळं घडवतात, तर माणसांना बोल कसा लावायचा? एकोणिसाव्या सर्गात अगमेम्नॉन भर सभेत सांगतो की दोष माझा नाही. झ्यूसने, नियतीने आणि एरिनिस या सूडदेवतेने माझी बुद्धी फिरवली. असलं बोलणं आपण रोज ऐकतो, आणि हे सांगणारा माणूस सहसा खिशात हात घालत नाही. अगमेम्नॉन घालतो. बुद्धी फिरली होती, म्हणूनच भरपाई देतो, असं तो म्हणतो आणि सात तिवया, वीस हंडे, बारा घोडे, दहा टॅलंट सोनं अकिलीसपुढे मांडलं जातं. त्यासोबत सात बायका आणि आठवी ब्रिसेइस, वस्तूंच्याच यादीत. ते वाचताना काव्याच्या मोठेपणाला ठेच लागते, आणि लागू द्यावी. पण देवाने करवलं म्हटल्याने देणं फिटत नाही, एवढं त्या सभेत सगळ्यांना मान्य दिसतं.

चोविसाव्या सर्गात म्हातारा प्रायम अकिलीसने मारलेल्या हेक्टरचं प्रेत मागायला रात्री शत्रूच्या तळावर जातो. ही भेट देवांनीच जुळवलेली आहे. हर्मीस त्याला पहारेकऱ्यांच्या नजरा चुकवून अकिलीसच्या दारापर्यंत आणतो आणि तिथून परत फिरतो. देवांनी माणसांकडे असं उघड पाहुणचाराला येणं शोभत नाही, असं त्याचं म्हणणं. पुढचं दोघांनी आपसांत निस्तरायचं. ज्या हातांनी आपली मुलं मारली ते हात प्रायम चुंबतो. दोघं रडतात, एक हेक्टरसाठी, दुसरा बापासाठी आणि पॅट्रोक्लससाठी. मग प्रायम घाई करतो, प्रेत लगेच दे म्हणतो, आणि अकिलीस भडकतो : मला डिवचू नकोस. बाहेर जाऊन तो दासींना प्रेत आडोशाला नेऊन धुवायला सांगतो. मुलाला तशा अवस्थेत बघून म्हाताऱ्याचा तोल जाईल, मग आपला जाईल, आणि आपण त्याला मारून बसू, ही त्याला भीती आहे. याला मी मनपरिवर्तन म्हणणार नाही. आपल्या रागाची धाव कुठवर जाते हे ओळखलेला माणूस आधीच बंदोबस्त करतो आहे. नंतर तो प्रायमला जेवायला घालतो, अंत्यविधीला किती दिवस लागतील ते विचारतो आणि तेवढे दिवस लढाई थांबवतो. बाराव्या दिवशी लढू, लढावंच लागलं तर, असं प्रायम म्हणतो.

इ.स.पू. ४१५ मध्ये अथेन्सच्या रंगभूमीवर युरिपिडीसने ‘ट्रॉयच्या स्त्रिया’ आणलं, तेव्हा काही महिन्यांपूर्वीच अथेन्सने मीलॉस बेट जिंकून तिथले पुरुष मारले होते आणि बायकामुलं गुलाम म्हणून विकली होती. नाटकाच्या सुरुवातीला अथीना ग्रीकांवरच उलटलेली आहे. त्यांचं परतीचं आरमार बुडवायला ती पोसायडनची मदत मागते. कारण? तिच्या मंदिरातून ट्रॉयची राजकन्या कसँड्रा हिला ओढून नेलं गेलं, म्हणून. तटावरून फेकल्या जाणाऱ्या हेक्टरच्या तान्ह्या मुलाचा तिच्या तक्रारीत उल्लेखही नाही. पुढे हेलन मेनेलाउससमोर कैफियत मांडते की दोष देवींचा, माझा कसला? हेक्यूबा तिला तिथेच अडवते. सौंदर्यस्पर्धा करण्याइतक्या देवी खुळ्या नव्हत्या. माझा मुलगा देखणा होता; त्याला पाहिलंस आणि तुझं मनच अ‍ॅफ्रोडाइटी झालं. मेनेलाउसला हे पटतं. हेलनला घरी नेऊन ठार मारू, असं तो जाहीर करतो. हेक्यूबा विनवते, निदान तिला तुझ्या जहाजावर घेऊ नकोस. का, वजन वाढलंय का तिचं, असं तो विचारतो. ‘ओडिसी’ ऐकून वाढलेल्या त्या प्रेक्षकांना पुढचं ठाऊक होतं : हेलन स्पार्टाच्या राजवाड्यात सुखाने नांदते आहे आणि पाहुण्यांना ट्रॉयच्या गोष्टी सांगते आहे.