चारचौघांसाठी केलेला खर्च

तालुक्याच्या गावी कापडाच्या मोठ्या दुकानात एक वेगळा विभाग असतो, देण्याघेण्याच्या साड्यांचा. इथं साड्या गठ्ठ्यानं घेतल्या जातात. पोत फारसा कुणी चाचपून पाहत नाही, कुणाला कोणता रंग शोभेल हा विचार नसतो. घेणारीला ठाऊक असतं की जिला ही साडी द्यायची ती बहुधा ती नेसणार नाही. साडी कपाटात पडून राहील आणि पुढच्या लग्नसराईत तिसऱ्याच घरी जाईल. टॉवेल-टोपीचंही तेच. तरीही ही खरेदी कुणी टाळत नाही, कारण नणंदेच्या सासूला मानाची साडी गेली नाही, तर ती गोष्ट वर्षानुवर्षं निघत राहते. साडीचा उपयोग कुणालाच नसतो, पण ती दिली नाही तर नातं दुखावतं.

उपभोगवादावर लिहिताना आपण माणसाच्या हावेपासून सुरुवात करतो. लग्नघरातली खरेदी पाहिली की हे उत्तर अपुरं वाटतं. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये श्रीमंतांच्या दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली. संपत्ती नुसती असून भागत नाही, ती इतरांना दिसावी लागते, हा त्यांचा मुद्दा आजही खरा आहे. पण आपल्याकडच्या बहुसंख्य लग्नघरांत मिरवण्याच्या हौसेपेक्षा नावं ठेवली जाण्याची धास्ती मोठी असते. बैठकीत याद्या होतात, तेव्हा वधूपिता मनातल्या मनात आपली मिळकत मोजत नसतो. भावकीत गेल्या वर्षी झालेलं लग्न तो आठवत असतो. तिकडे किती पानं उठली, पाहुण्यांना फेटे होते का, वरातीला काय वाजलं, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. खर्चाचा आकडा असा दुसऱ्याच्या मांडवात ठरतो.

या धास्तीकडे तुच्छतेनं पाहू नये असं मला वाटतं. ॲडम स्मिथ यांनी १७७६ च्या आपल्या ग्रंथात लिननच्या सदऱ्याचं उदाहरण दिलं आहे. हा सदरा जगण्यासाठी मुळीच आवश्यक नाही, पण त्यांच्या काळातल्या युरोपात साध्या मजुरालाही तो न घालता चारचौघांत जायला लाज वाटे. म्हणून स्मिथ त्याला गरजेच्या वस्तूंतच धरतात. मान ताठ ठेवून समाजात वावरता येणं ही माणसाची खरी गरज आहे. गरिबानं पोरीच्या लग्नात गावाला गोडाचं जेवण घातलं, तर त्याला उधळपट्टी म्हणण्याचा अधिकार कुणाला आहे?

हा प्रश्न महाराष्ट्रात दीडशे वर्षांपूर्वीच विचारला गेला आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल करून कर्जाची खतं जाळली. हे दंगे पुणे-नगर भागात पसरले आणि सरकारनं चौकशी आयोग नेमला. शेतकरी लग्नकार्यात पैसे उडवतो म्हणून कर्जात बुडतो, असं तेव्हाचे अनेक शहाणे सांगत होते. आयोगानं मात्र या कारणाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेल्याचं नोंदवलं. असे प्रसंग क्वचित येतात आणि बऱ्याच वर्षांवर विभागला तर हा खर्च त्या माणसाच्या परिस्थितीला फारसा अवाजवी ठरत नाही, असं त्याचं मत पडलं. जोतीराव फुले यांनीही ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये हा आरोप खोडून काढला. शेतकऱ्याच्या घरचं लग्न किती हलाखीत होतं, हे त्यांनी तपशिलानं दाखवलं. दारिद्र्याची कारणं सारा, सावकारी आणि पावसात असताना बोट मांडवाकडे दाखवणं सोयीचं होतं. ते आजही सोयीचंच आहे.

मात्र तेव्हाची आणि आजची परिस्थिती एकसारखी नाही. पूर्वी तुलना गावाच्या आणि भावकीच्या आत होत असे, आज तिला शीव उरलेली नाही. पुण्याभोवतीच्या गावांत जमिनीला गुंठ्यावर भाव आला, एका पिढीच्या हाती एकदम पैसा आला आणि त्यातला बराच लग्नांत दिसू लागला. हेलिकॉप्टरमधून उतरणारा नवरदेव, ड्रोनचं चित्रीकरण, एलईडीचे पडदे, लग्नाआधीचं फोटोशूट हे सगळं मोबाइलवरून बीड-लातूरच्या कोरडवाहू शिवारात त्याच संध्याकाळी पोहोचतं. गुंठे विकलेल्या माणसाची बरोबरी सोयाबीनवाल्याला करता येत नाही, हे त्याला कळतं. पण त्याच्याहून थोडा वरचा माणूस काही पायऱ्या चढतो, मग त्याच्या खालचा एखादी चढतो. असं करत करत किमान म्हणून जे धरलं जातं तेच वर सरकतं. डीजे आणि हळदीचा वेगळा कार्यक्रम आता कित्येक ठिकाणी किमान झाला आहे. २०१६ आणि २०१७ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या एकाच गावात दोन तरुण मुलींनी वडिलांवर लग्नाचा भार नको म्हणून जीव दिला. हुंड्याला १९६१ पासून कायद्यानं बंदी आहे. लग्न कोणत्या थाटात व्हायला हवं, या अपेक्षेला कोणताच कायदा लागू होत नाही.

एकदा मात्र तो झाला. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत राज्य सरकारनं आदेश काढला. लग्नाला २५ माणसं, समारंभ एकच, तोही दोन तासांत उरकायचा आणि नियम मोडला तर ५० हजार रुपये दंड. त्या दिवसांतलं दुःख आपण सगळ्यांनीच पाहिलं, त्यात कौतुक करण्यासारखं काही नव्हतं. तरी दारात मांडव घालून झालेल्या त्या लग्नांमुळे कुणाची अब्रू गेली नाही. साखर कारखान्याच्या संचालकाच्या घरीही २५ माणसं आणि त्याच्या ऊसतोड मजुराच्या घरीही २५. लहान लग्नाचा अर्थ दारिद्र्य असा लावायला कुणाला वावच उरला नाही. बंधनं उठली आणि आकडे पुन्हा वर गेले. त्या दोन तासांच्या लग्नांची आठवण असूनही एकट्यादुकट्या घराला तसं लग्न करणं जमलं नाही.

ते का जमत नाही, याचं उत्तर सामूहिक विवाहांत सापडतं. शेतकरी, शेतमजुरांच्या मुलींसाठी सरकारची अनुदानाची योजना आहे, संस्था असे सोहळे भरवतात, त्यामागचा हेतूही चांगला असतो. पण त्या मांडवात फक्त ज्यांना परवडत नाही तेच येतात, आणि तिथं उभं राहणं म्हणजे आपली ऐपत नाही हे जाहीर करणं ठरतं. म्हणून बाप सावकाराकडे जातो, सोनं गहाण टाकतो, एखादा एकर विकतो, पण त्या मांडवात जात नाही. गरिबाचा साधेपणा लोक नाइलाज म्हणून वाचतात. ज्याला परवडतं त्यानं साधं लग्न केलं, तरच ती निवड आहे हे समोरच्याला दिसतं. म्हणून काटकसरीचा उपदेश खालच्यांना करण्यात अर्थ नाही. पातळी ज्यांच्यामुळे चढते, ती खाली आणणंही त्यांच्याच हातात आहे.

सत्यशोधक समाजाला हे उमगलं होतं. सप्टेंबर १८७३ मध्ये समाज स्थापन झाला आणि त्याच डिसेंबरात पहिला सत्यशोधक विवाह लागला. भटजीविना, अल्प खर्चात. पुरोहितशाहीविरुद्धचं पाऊल म्हणून आपण तो लक्षात ठेवतो आणि ते बरोबरच आहे. मला त्यातली दुसरी बाजूही तितकीच मोलाची वाटते. त्या जोडप्यामागे एक संघटना उभी होती. नावं ठेवणारे चारचौघे होतेच, पण आता पाठीशीही चारचौघे होते. राळेगणसिद्धीत सामुदायिक विवाह रुजले, तेही गावानं गाव म्हणून ते मान्य केले तेव्हा.

२०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या एका विवाहितेच्या मृत्यूनंतर मराठा समाजातल्या मंडळींनी लग्नांसाठी आचारसंहिता आखली. पाहुणे मोजके असावेत, डीजे नको, हुंडा नको. या हालचालीचं मी मनापासून स्वागत करतो. तिचा कस आमदार-खासदारांच्या, कारखानदारांच्या आणि बिल्डरांच्या घरच्या लग्नांत लागेल. लग्नसराईत दिवसाला कित्येक मांडव करणारे आणि ज्यांच्या स्वागताच्या भाषणांपायी मुहूर्त टळतो ते पुढारी मोठ्या लग्नाला जायचं नाकारतील का, यावरही बरंच अवलंबून आहे. पुढाऱ्याची हजेरी हा त्या थाटाचा मोठा मोबदला असतो. तो बंद झाला तर थाटाचं निम्मं कारण संपेल.

या सगळ्या खर्चात जिचं लग्न असतं तिला काय मिळतं, हेही विचारायला हवं. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला, देशभर तो २००५ मध्ये आला. तरीही तलाठ्याकडे वारसनोंदीची वेळ आली की भाऊ हक्कसोडपत्र पुढे करतात आणि बहीण सही करते. तेव्हा घरातलं कुणीतरी म्हणतंच, तुझ्या लग्नात केलं की एवढं. लग्नात जे केलं ते गावासाठी, भावकीसाठी, मानाच्या साड्यांसाठी होतं. डीजेवाल्याला दिलेल्या पैशातला रुपयाही तिच्या हाती आलेला नसतो. तरी तो सगळा खर्च तिच्या खात्यावर मांडला जातो आणि त्याच्या बदल्यात जमिनीतला वाटा वळता होतो. बैठकीत याद्या होतात तेव्हा मुलगी बहुतेक आतल्या खोलीत असते. तिला बाहेर बोलावून हा पैसा कशावर घालायचा असं विचारलं, तर ती कदाचित शिक्षणाचं शेवटचं वर्ष सांगेल, कदाचित स्वतःच्या नावावर अर्धा एकर मागेल. काही मुली मोठंच लग्न हवं म्हणतील, आणि तेही ऐकून घ्यावं लागेल. आचारसंहितेच्या कलमांत डीजेच्या बंदीबरोबर एवढं एक कलम घालता येण्यासारखं आहे. याद्या मुलीच्या समोर व्हाव्यात, आणि लग्नाचा खर्च तिच्या वाट्यातून वळता होणार नाही हे दोन्ही घरांनी त्याच कागदावर लिहून द्यावं.