चुकून लागलेला उपास

मी संकष्टीचा उपास करतो, ही बातमी मला शेजारच्या आजींकडून कळली.

झालं असं. आजींच्या नातवाचा वाढदिवस होता. त्यांनी बटाटेवड्यांची बशी पुढे केली. आदल्या दिवशीच्या लग्नातल्या जिलब्या अजून पोटात नांदत होत्या, म्हणून मी "आज नको" म्हटलं. आजींनी एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "अगबाई, तुम्ही पण संकष्टी पाळता वाटतं!" आता चार पाहुण्यांदेखत पोटाची तक्रार कशी सांगणार? मी नुसता नम्रपणे हसलो. नम्रपणे हसणं ही निम्मी थापच असते.

तेव्हापासून दर संकष्टीला मी कचेरीतून येतो न येतो, तोच साबुदाण्याच्या खिचडीची वाटी हजर. वर ओलं खोबरं. त्या खिचडीपुढे खरं बोलणं मला परवडेना. दुपारी कँटीनमध्ये मिसळ चापून आलेला मी, संध्याकाळी पुण्यवान चेहऱ्यानं खिचडी खात असे.

आर. के. नारायण यांच्या 'द गाईड'मधला राजू मला तेव्हापासून फारच जवळचा वाटू लागला. १९५८ सालची ही कादंबरी. १९६० मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तुरुंगातून सुटलेला हा बिलंदर गाईड एका पडक्या देवळात टेकतो आणि गावकरी त्याला स्वामी ठरवतात. दुष्काळात गावात मारामारी होते, तेव्हा तो म्हणतो, हे नीट वागेपर्यंत मी जेवणार नाही. निरोप नेणारा भोळसट पोरगा गावात जाऊन सांगतो, पाऊस पडेपर्यंत स्वामी जेवणार नाहीत! झालं, उपास गळ्यात पडला. पहिल्या दिवशी राजू ॲल्युमिनियमच्या भांड्यातलं उरलंसुरलं गुपचूप खातो. (मिसळ!) पण पुढे एका क्षणी तो ठरवतो, करायचाच तर खरा करू.

विजय आनंद यांच्या १९६५ च्या चित्रपटात शेवटी धो धो पाऊस पडतो आणि देव आनंदचा राजू प्राण सोडतो. थिएटरात मी रडलो होतो. कादंबरीत मात्र डोंगरात पाऊस पडतोय, असं राजू नुसता म्हणतो आणि खाली कोसळतो. पाऊस आला की नाही, ते नारायण सांगतच नाहीत. चित्रपटावर ते नाराज होते; त्यांची दक्षिणेतली मालगुडी उचलून राजस्थानात नेली, हेही एक कारण. मलाही पूर्वी तो कोरडा शेवट म्हणजे लेखकाचा कंजूषपणा वाटे.

मग एकदा आजींचा नातू तापानं फणफणला. इस्पितळात न्यावं लागलं. जाताना आजी दारात थांबल्या. "उद्या संकष्टी आहे. तुमच्या उपासाला बळ आहे हो. त्याच्यासाठी एवढं देवाला सांगा."

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मिसळ समोर आली आणि घशाखाली उतरेना. चहासुद्धा घेतला नाही. संध्याकाळी खिचडी यायचा प्रश्नच नव्हता. रात्री गच्चीवर चंद्राची वाट बघत बसलो, तर आभाळ भरलेलं. पोटात कावळे ओरडत होते. पण आयुष्यात पहिल्यांदाच माझी भूक दुसऱ्या कुणासाठी होती.

चौथ्या दिवशी ताप उतरला. औषधानं उतरला, हे डॉक्टरांना माहीत आहे आणि मलाही. पण समजा, उतरला नसता, तर माझा उपास खोटा ठरला असता का? नारायणांनी पाऊस का राखून ठेवला, ते मला त्या गच्चीवर कळलं. पावसाचं काम ढगांचं. राजूच्या हातात फक्त न जेवणं होतं, आणि ते त्यानं केलं.

हे सगळं मी हिला मोठ्या गांभीर्यानं सांगितलं. ती म्हणाली, "मग आजींना आता खरं सांगून टाका."

अजून सांगितलेलं नाही. दर संकष्टीला दुपारी मिसळ बघितली, की राजू आठवतो. कधी तो जिंकतो, कधी मिसळ. खिचडी मात्र दोन्ही वेळा येते, आणि ज्या दिवशी मिसळ जिंकते, त्या दिवशी तीच खिचडी घशात अडकते.