बिडाची चीर

जुन्या विलीज जीपचं इंजिन थंडीच्या सकाळी सुरू केलं की कधीकधी बॉनेटखालून टिकटिक ऐकू येते. टॅपेट वाजत असेल म्हणून मालक दुर्लक्ष करतो. थोड्या वेळात इंजिन तापतं, टिकटिक थांबते, आणि गॅरेजपर्यंत पोचेस्तोवर गाडीत काहीच दोष उरत नाही. दुखणं बहुधा एग्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या बिडाच्या ओतीव नळीच्या, चिरेचं असतं. बीड तापून फुगतं, चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींना भिडतात आणि आवाज दबतो. म्हणून जाणता मिस्त्री गाडी रात्रभर ठेवून घेतो आणि सकाळी स्वतः सेल्फ मारतो.

चीर सापडायला फारशी यंत्रं लागत नाहीत. एक तर तिच्या तोंडाशी काजळीची रेघ असते. नसली तर मॅनिफोल्ड उतरवून, साफ करून रॉकेल चोपडायचं, कोरडं पुसायचं आणि वरून खडू फासायचा. आत शिरलेलं रॉकेल झिरपतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. हे काम लांबणीवर टाकू नये, कारण चिरेतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. उघड्या जीपमध्ये वारा तारून नेतो, बंद टपाच्या गाडीत तो भरवसा नाही.

महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप आणली, तेव्हापासून आपल्याकडच्या कितीतरी मिस्त्र्यांचे हात १३४ घनइंचांच्या या चार सिलिंडरी इंजिनावर बसले. त्यात एग्झॉस्ट मॅनिफोल्डला इनटेक मॅनिफोल्ड जोडलेला असतो, म्हणजे जळालेल्या वायूची ऊब आत येणाऱ्या पेट्रोलला मिळते. सोय चांगली, पण एकाच ओतीव तुकड्याला आतून काही शे अंशांचा झोत आणि बाहेरून पंख्याचा वारा सोसावा लागतो. हातभर लांबीचं बीड पाचशे अंशांनी तापलं तर दोन मिलिमीटरांहून जास्त लांबतं. तेवढं सरकता यावं म्हणून स्टडची भोकं जरा मोठी ठेवलेली असतात. कुणी तरी ताकद दाखवत टोकाचे नट करकचून आवळतो, आणि सरकायला जागा न मिळालेलं बीड मधे फाटतं.

नुसत्या उष्णतेला बीड घाबरत नाही. बिडाचा तवा वर्षानुवर्षं चुलीवर तापतो. तापलेल्यावर गार पाणी ओतलं की तडकतो. शेजारशेजारच्या दोन भागांत तापण्याचा फरक पडला की ते गडबडतं, आणि दुरुस्तीची सगळी विद्या हा फरक पडू न देण्याची आहे.

आधी चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडतात, म्हणजे ती पुढे पळत नाही. मग ग्राइंडरनं तिची खाच करतात आणि वर्षानुवर्षं मुरलेलं तेल नि काजळी जाळून काढतात. पुढं दोन वाटा. एक, अख्खा मॅनिफोल्ड भट्टीत लालसर होईतो तापवायचा, बिडाच्याच कांडीनं गॅस वेल्डिंग करायचं आणि चुन्यात नाही तर कोरड्या वाळूत पुरून ठेवायचा. दुसरी, निकेलच्या रॉडनं इंचभर टाका घालायचा, गरम असतानाच हातोडीनं हलके ठोके द्यायचे आणि हात ठेवता येईल इतकं गार होईपर्यंत पुढच्या टाक्याला हात घालायचा नाही. एकीत सगळंच तापलेलं, दुसरीत जवळजवळ सगळंच थंड. या दोहोंच्या मधली अर्धवट वाट, जरा तापवून भराभर वेल्ड मारण्याची, बहुतेक मॅनिफोल्डांच्या नशिबी येते.

बिडात कार्बन साधारण तीन टक्के, आणि तो मुख्यतः ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात. वितळलेला भाग झटकन गार झाला की ग्राफाइट व्हायला कार्बनला वेळ मिळत नाही. तो लोखंडाशीच बांधला जातो आणि वेल्डच्या कडेला काचेसारखा कडक पट्टा तयार होतो. त्यावर कानस घसरते. गार होताना अशा कामातून बारीक ‘टिंग’ ऐकू येतो आणि मिस्त्र्याचा चेहरा पडतो: टाका शाबूत असतो, त्याच्या शेजारचं बीड फुटलेलं असतं. भरणाऱ्यानं चीर उत्तम भरलेली असते, फक्त तिच्या शेजाऱ्याचा विचार केलेला नसतो.

माझ्या मते, या कामाची निम्मी मजुरी वाट पाहण्याची लावायला हवी. जानेवारीतल्या व्हिंटेज रॅलीच्या आदल्या आठवड्यात मालक फोनवर फोन करतो. चुन्यातला तुकडा मात्र आपल्या गतीनंच निवतो. काही चिरा भरण्याजोग्या नसतातच. स्टडच्या भोकातून गेलेली, किंवा बीड जळून पातळ झालंय तिथली चीर असेल तर नवा ओतीव तुकडा मागवावा, हट्ट धरू नये. बाकीच्यांसाठी, वेल्ड झालेल्या मॅनिफोल्डचा फेस सपाट पट्टीवर तपासून घासून घ्यायचा, गॅस्केट नवं घालायचं, आणि नट मधल्यापासून टोकाकडे, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क पान्यानंच आवळायचे. त्या वेळी गॅरेजातला सगळ्यात दणकट पोरगा चहा आणायला पाठवलेला बरा.