आपला मारिओ सावकाश धावायचा

अंक मांडीवर ठेवा. पंखा चालू असेल तर असू द्या, वीज गेली असेल तर आणखी बरं. हे थांबत थांबत वाचायचं आहे. एक परिच्छेद झाला की जरा बसून राहायचं, मग पुढचा.

हातात व्हिडिओ गेमची एक जुनी कॅसेट घ्या. केज तालुक्यातल्या युसूफ वडगावात असाल तर ती माळ्यावर, कणगीमागे किंवा आईच्या लग्नातल्या पत्र्याच्या पेटीत निघेल. नोकरीसाठी चाकण-पिंपरीला असाल तर घरी फोन लावा. आपण टाकून दिलेलं काय काय आयांनी उचलून ठेवलेलं असतं, त्याला हिशेब नाही. नाहीच सापडली तर आठवा. तेवढ्यानं भागतं.

पिवळं प्लास्टिक, तळहातात मावेल एवढं. चिठ्ठीवर मारिओ, शेजारी अंगावर गोळ्यांचे पट्टे घेतलेला कुणी गडी, मागे विमान. त्यातलं निम्मं आत नसायचंच. कोपऱ्यात आकडा: ९९९९९९९ इन १. त्या आकड्यावर आपला कुणाचाच विश्वास नव्हता, तरी मेनूत खाली खाली जाऊन प्रत्येकानं बघितलं होतंच. तेच दहा-वीस खेळ नावं बदलून पुन्हा पुन्हा यायचे.

कॅसेट उलटी करा. खालच्या फटीत धातूचे दात दिसतील, एका बाजूला ३० आणि दुसऱ्या बाजूला ३०. त्यांच्यावरून नजर सावकाश न्या. मागचा स्क्रू काढलात तर आत एक छोटी पट्टी असते आणि तिच्यावर वाळलेल्या डांबरासारखा काळा थेंब. थेंबाखाली सिलिकॉनचा तुकडा, त्यात सगळा खेळ. थेंबावर नाव नाही, साल नाही, कारखाना नाही.

इथे थोडं बसा.

मूळ यंत्राला नाव आहे, जन्मतारीखही आहे. क्योटोच्या निन्टेंडो कंपनीनं १५ जुलै १९८३ ला जपानात 'फॅमिली कॉम्प्युटर' विकायला काढला. तो घडवणारे इंजिनिअर मासायुकी उएमुरा. ते डिसेंबर २०२१ मध्ये वारले. नंतर तैवानमध्ये त्याच्या चिपांच्या नकला बनल्या, नकलांवर नवी टरफलं चढली, आणि नव्वदीच्या दशकात मीडिया, समुराई, लिटल मास्टर अशी नावं आपल्याकडच्या दुकानांतून दिसायला लागली. काहींवर तर नावच नसायचं. केज-अंबाजोगाईच्या बाजारातून गावात आलेलं यंत्र बहुधा असलंच, नकलेची नक्कल. घरात त्याला कुणी कन्सोल म्हटलं नाही. तो 'व्हिडिओ गेम', आणि ज्याच्या घरी तो, तो गल्लीचा पाटील.

आता श्वासाकडे या. ध्यानाला बसवणारे बहुतेक सगळे श्वासापासून सुरुवात करतात. आपणही करायचो, फक्त कॅसेटच्या तोंडात. पडद्यावर नुसते चौकोन थरथरले की कॅसेट काढायची, तोंडाशी धरायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. पृथ्वीवरच्या सगळ्या मुलांना ही विद्या कुणी न शिकवता आली होती. खुद्द निन्टेंडो मात्र असं करू नका म्हणून सांगत आली. फुंकरीत ओल असते, ती दातांवर बसते आणि धातू हळूहळू खराब होतो. गुण यायचा तो काढून पुन्हा खोचण्याचा. घासल्यामुळे दात परत टेकायचे. श्रेय मात्र फुंकरीला. तेव्हा आता तो श्वास आत घ्या आणि नाकानं बाहेर सोडा, कॅसेट लांब धरून. दात पुसायला पांढरा खोडरबर पुरतो, हलक्या हातानं.

माझं मत सांगून टाकतो, म्हणजे मनन करताना मध्ये टोचत राहणार नाही. सेगाची मेगा ड्राइव्ह जास्त देखणी होती. प्लेस्टेशननं (१९९४) खेळाचा सिनेमा केला. मला त्यात मजा कमी आणि वाट बघणं जास्त वाटतं. ८ बिटवाल्या यंत्रात मात्र गरिबीची अक्कल दिसते. 'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) हा अख्खा खेळ ४० किलोबाइटचा आहे. मोबाइलवर रोज येणारा 'शुभ सकाळ'चा फोटोसुद्धा बहुधा याहून मोठा असतो. डोळे मिटून त्या खेळातला ढग आठवा. आता जमिनीवरचं झुडूप आठवा. दोन्हींचा आकार एकच, फक्त रंग बदललेला. जागा नव्हती म्हणून एकाच चित्राला दोन कामं दिली. नव्या चकचकीत आवृत्तीत प्रत्येक झुडपाला वेगळं पान काढतात आणि मला ते बघवत नाही.

आता कान द्या. मारिओची धून मनात वाजू द्या, तोंडानं गुणगुणू नका. उडी मारली की सुरावटीतला एक आवाज क्षणभर बाजूला होतो आणि त्या जागी उडीचा आवाज येतो, कारण यंत्राकडे आवाजाच्या वाटा मोजून पाच. ही धून एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतली. खेळाच्या संगीताला तो मान पहिल्यांदाच मिळाला.

पण तुमच्या मनात आता वाजली ती धून आणि त्या नोंदवहीतली धून एक आहे का? सावकाश विचार करा. यातली मेख मला फार आवडते.

जपान-अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवायचा. आपल्याकडची पद्धत पाल, ती ५० ची. खेळाचा हिशेब चित्रावर चालतो: एक चित्र झालं की मारिओ इतका पुढे, धून इतकी पुढे. निन्टेंडोनं युरोपातल्या ५० च्या टीव्हीसाठी मारिओची वेगळी आवृत्ती काढली आणि वेग भरून काढला. आपल्याकडे आलेल्या नकलांना तेवढी काळजी कोण घेणार? तैवानी चिपांनी जपानी खेळ पालच्या टीव्हीवर न अडखळता चालवून दाखवला, पण ५० च्या गतीनं. म्हणजे आपला मारिओ मूळ मारिओपेक्षा सहाव्या हिश्श्यानं सावकाश धावायचा. उडी थोडी जास्त वेळ हवेत राहायची. सूर जवळजवळ तेच, लय संथ. लहानपणी जो खेळ सहज जमायचा तो आज मोबाइलवर अंगावर धावून येतो, त्याला वय झालं हे एकच कारण नाही.

एम्युलेटर, म्हणजे संगणकाला जुन्या यंत्राचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्राम, यातल्या काहींत या गतीची वेगळी खूण असते. तिचं नाव 'डेंडी', कारण १९९२ पासून रशियात याच जातीची नक्कल त्या नावानं घरोघर गेली. ती खूण निवडा आणि पहिलं मिनिटभर काहीही खेळू नका, नुसतं ऐका. मॉस्कोतलं पोरगं आणि केज तालुक्यातलं पोरगं एकाच संथ लयीत वाढलं, याची दोघांनाही खबर नव्हती.

नजर काचेकडे न्या. मागे पोट असलेला टीव्ही, वर विणलेलं झाकण. यंत्राबरोबर प्लास्टिकची बंदूक यायची, बदकं मारायला. चाप ओढला की एक क्षणभर पडदा काळा व्हायचा आणि पुढच्याच क्षणी बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. गोळी बंदुकीतून सुटायचीच नाही. बंदुकीच्या नळीतला डोळा पडद्याकडे बघायचा. आधी अंधार, मग उजेड दिसला तर नेम लागला. विजेच्या दिव्यावर नेम धरून फसवायचा प्रयत्न आपण सगळ्यांनी केला आणि बदकं सुखरूप उडून गेली, ती या आधीच्या अंधारामुळे. आजच्या सपाट पडद्यावर चित्र उमटायला किंचित उशीर होतो, तेवढ्यानं बंदूक आंधळी होते. भंगारवाल्याला तो टीव्ही दिला त्या दिवशी त्याच्याबरोबर बंदूकही गेली. ती अजून पेटीत असेल, पण गेलेलीच.

आता सगळ्यात लांबचा भाग: आपला नंबर यायची वाट. एक रिमोट खेळणाऱ्याचा, दुसरा मालकाच्या धाकट्या भावाचा, आणि भिंतीला टेकून बाकीची आळी. "मेलास की दे." "आरं, एक लाईफ राहिलीय." बऱ्याचदा लाईफ संपायच्या आधी वीज जायची. कॅसेटमध्ये सेल नव्हता, काहीच साठायचं नाही. दिवे आले की पुन्हा पहिल्या विटेपासून. कुणी कुरकुरायचं नाही, लोडशेडिंगवर कुरकुर करायची तर दिवसाचं दुसरं काम राहिलं असतं.

'कॉन्ट्रा'मध्ये ३० लाईफ मिळवायची खूण आठवा. वर वर, खाली खाली, डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे, बी, ए. अंगठ्याला आठवतेय का बघा, डोक्याला विचारू नका. ही किल्ली कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोटो यांची. १९८६ मध्ये 'ग्रेडियस' घरच्या यंत्रावर आणताना तो खेळ स्वतःलाच झेपेना म्हणून त्यांनी ती घातली. जपान कुठे, मांजरेचा काठ कुठे. आमच्याकडे ना मासिक यायचं ना इंटरनेट. आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेली पोरं कोपीवरून उन्हाळ्यात परत यायची, तेव्हा असलं काहीबाही शिकून यायची. वर्गात मागं पडलेली ती पोरं भिंतीपाशी त्या दिवशी पुढे बसायची. आणि 'कॉन्ट्रा'तल्या धबधब्याच्या टप्प्यात जो वर घाईनं चढायचा, त्याच्यामुळे खाली राहिलेला जोडीदार पडद्याबाहेर जाऊन मरायचा. यावरून झालेली भांडणं काही ठिकाणी अजून मिटलेली नाहीत.

ही सगळी गोष्ट जपायची तर नेमकं काय जपायचं?

अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशननं २०२३ मध्ये हिशेब मांडला: तिथे २०१० पूर्वी निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. ग्रंथालयांना असे खेळ अभ्यासकांना दुरून वापरू द्यायचे होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयानं नकार दिला. सिनेमाच्या बाबतीत आपण हे भोगलंय. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये उभं राहिलं, आणि 'आलम आरा'ची (१९३१) एकही प्रत आज हाताशी नाही.

पण आपल्या भागात जपणुकीची जुनी रीत आहे. अंबाजोगाईला दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी आहे. सुमारे ४० फूट लांब कापड, त्यावर त्यांनी स्वतः लिहिलेलं 'पंचीकरण'. कापड उलगडलं आणि उजेड असला की वाचता येतं. कॅसेटचं तसं नाही. तिला यंत्र हवं, यंत्राला अडॅप्टर, अडॅप्टरला टीव्ही, आणि टीव्हीला ती गोल काच. साखळीतला एक दुवा तुटला की पिवळं प्लास्टिक मुकं.

दासोपंतांच्याच काळात पैठणला एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या हाती लागलेल्या प्रती ताडून शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली, अपपाठ काढून टाकले. जगभरचे खेळ जपणारे लोक आज हेच करतात: एकाच खेळाच्या अनेक प्रती ताडतात, बिट न् बिट जुळवतात आणि मूळ प्रत नक्की करतात. काम थोर आहे, माझा त्याला विरोध नाही. फक्त आपल्या कॅसेटी म्हणजे नुसते अपपाठ. नाव बदललेला मारिओ, पहिल्या पडद्यावरून कंपनीचं नाव खरवडलेला कॉन्ट्रा, मेनूवर कुण्या अनामिक माणसानं घातलेली स्वतःचीच धून. शुद्ध प्रतीच्या हिशेबात हे कचऱ्यात जातं. युसूफ वडगावच्या हिशेबात हीच पोथी. शुद्ध प्रत इथे कुणी पाहिलेलीच नाही.

त्या कॅसेटी चोरीच्या होत्या, हे झाकायचं कारण नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात रीतसर घेतलेला प्रोग्राम खराब होईल म्हणून प्रत काढून ठेवायची मुभा आहे. ती रीतसर घेणाऱ्याला. चोरीच्या नकलेला ना मालक जपणार ना कायदा, आणि म्हणूनच ती आधी संपते. शिवाय अशा कॅसेटच्या पट्टीवरची जोडणी दरवेळी वेगळी असू शकते. मेनूतला खेळ निवडल्यावर चिपचा कोणता भाग यंत्रापुढे आणायचा हे ती ठरवते. आतला मजकूर उतरवला आणि जोडणी टिपली नाही, तर मेनू दिसतो आणि खेळ उघडत नाही.

म्हणून उठायच्या आधी एवढं करा. कॅसेटचा पुढून, मागून आणि उघडून फोटो काढा. मेनूतली नावं आहेत तशी, चुकीच्या स्पेलिंगसकट वहीत उतरवा. ती कुठल्या बाजारातून आली, कुणाच्या घरी लागायची, नंबर कोण ठरवायचं, तेही लिहा. पिवळं पडलेलं प्लास्टिक घासून पांढरं करू नका.

आणि घरात पंधरा-सोळाचं पोरगं असेल तर त्याला बोलवा. कॅसेट बघून तो हसेल, हसू द्या. त्याचा खेळ तर आपल्याहून कच्च्या पायावर उभा होता: २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं पब्जी मोबाइलवर बंदी घातली, ऑक्टोबर संपता संपता कंपनीनं इथली सेवा थांबवली. त्या खेळाची पेटीत ठेवायला कॅसेटसुद्धा उरली नाही. दुसऱ्या नावानं तो पुढच्या वर्षी परत आला, पण त्या लॉकडाऊनमधल्या रात्री आल्या नाहीत. त्याला विचारा, तेव्हा तुमच्या टोळीत कोण कोण होतं, आणि विमानातून कुठे उतरायचात. तो बहुतेक पोचिंकी म्हणेल. त्याच वहीत, मारिओच्या खालच्या ओळीवर, तेही लिहून घ्या.