बसू नका, उभेच राहा

बाकीचे बसा. मागच्या बाकावरचे तिघे उभे राहतील. आणि दाराजवळचा तो चौथा, ज्याच्या हातात मोबाईल होता, तोही. ‘मी नुसतं शूटिंग करत होतो’ असं तू ऑफिसात सांगून आलास म्हणे. तुझ्या वाट्याला आज दोन शब्द जास्तच येतील.

वह्या मिटा. आजचा धडा वहीत उतरवण्यासारखा नाही.

मधल्या सुट्टीत नव्या स्वच्छतागृहाच्या मागं काय केलंत, ते मी तुमच्याच मोबाईलवर दोनदा पाहिलं. फरशी बसवणारा माणूस भिंतीला टेकून डबा खात होता. भात, उकडलेला बटाटा, एक हिरवी मिरची. हातावर पांढरं सिमेंट. तुम्ही चौघं गेलात आणि म्हणालात, ‘ए बांगलादेशी, आधार दाखव.’ त्यानं दाखवलं. मुर्शिदाबादचं होतं. तुम्ही म्हणालात, खोटं असणार. मग म्हणालात, ‘राष्ट्रगीत म्हण.’ तुमच्या बापापेक्षा वयानं थोर माणूस तो, आणि तुम्ही त्याला हुकूम सोडता, ‘म्हण!’

तो उष्ट्या हातानं उठला. ताठ उभा राहिला. सगळं म्हटलं त्यानं, शेवटच्या जयजयकारापर्यंत. त्या व्हिडिओत तुमचं खिदळणं ऐकू येतंय. राष्ट्रगीत चालू असताना तुमच्यातला एकही सरळ उभा नाही, एकाचा हात खिशात आहे. तेही दिसतंय. रोज सकाळी परिपाठाला मी तुमच्या माना सरळ करतो, ते कशासाठी?

आणि हसलात कशाला? तो ‘अ’ च्या जागी ‘ओ’ म्हणत होता म्हणून. पकडला, म्हणालात, बोलण्यावरूनच कळतंय. अरे ठोंब्यांनो, ते गीत लिहिलं कुणी? पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीलाच छापलंय, रोज दप्तरातून वाहून आणता. रवींद्रनाथांनी लिहिलं, संस्कृत वळणाच्या बंगालीत लिहिलं, आणि 27 डिसेंबर 1911 ला काँग्रेसच्या अधिवेशनात ते पहिल्यांदा गायलं गेलं ते कलकत्त्यात. त्या भाषेचा उच्चार त्याचा बरोबर होता. आपण म्हणतो तो मराठी वळणाचा. बंगाली माणसाला त्याच्याच भाषेतलं गाणं म्हणायला लावायचं आणि तो बंगाली वाटतो म्हणून त्याला परका ठरवायचं! तीस वर्षं शिकवतोय, इतकं पक्कं अज्ञान मी आजवर पाहिलं नव्हतं.

2011 च्या जनगणनेत या देशात बंगाली ही मातृभाषा सांगणारे 9 कोटी 72 लाख होते. मराठी सांगणारे 8 कोटी 30 लाख. म्हणजे देशात बंगाली बोलणारा माणूस दिसला तर तो आपल्यापेक्षा मोठ्या भाषेचा भारतीय असण्याची शक्यता आधी धरायची. आणि तुम्ही काय धरता?

आता मुर्शिदाबाद. नकाशा टांगलेलाच आहे, जरा मागं वळून बघा. रॅडक्लिफ नावाचा इंग्रज वकील जुलै 1947 मध्ये पहिल्यांदा या देशात आला आणि पाच आठवड्यांत बंगाल आणि पंजाब कापून गेला. रेघ जाहीर झाली 17 ऑगस्टला, स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी. त्या मधल्या दिवसांत मुर्शिदाबादेत पाकिस्तानचा झेंडा होता आणि तिकडे खुलन्यात भारताचा. मग कळलं की उलटं आहे. माणसं होती तिथंच राहिली, त्यांच्या डोक्यावरचा झेंडा बदलला. त्या माणसाचा आजा तेव्हा पोरगा असेल, त्याला कुणी विचारलं नव्हतं. पुढं भाषा, पेहराव, जेवण, अगदी आडनावंसुद्धा दोन्हीकडं सारखीच राहिली. म्हणूनच नुसतं ऐकून आणि बघून कोण कुठला हे सीमेवरच्या जवानालाही सांगता येत नाही. तुम्हाला मात्र मधल्या सुट्टीत दहा मिनिटांत कळलं.

‘आधार दाखव’ म्हणणारा कोण? तू. बरं. आधारच्या कायद्यातच लिहिलंय की हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. देशात 182 दिवस राहिलेल्या परदेशी माणसालाही आधार मिळतं. म्हणजे तू मागितलंस ते चुकीचं, त्यानं दाखवलं ते तुला वाचता आलं नाही, आणि दाखवल्यावर तू मानलंही नाहीस. मग तपासणी कसली होती ती?

आता तू मला दाखव. चल, भारतीय असल्याचा पुरावा दे. जन्मदाखला? 3 डिसेंबर 2004 नंतर जन्मलेल्याला नुसता जन्मदाखला पुरत नाही. आईवडिलांपैकी एक भारतीय लागतो आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा लागतो. म्हणजे गेलो तुझ्या आईवडिलांच्या कागदांवर. तुझ्या आईचं नाव माहेरच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरं. तुझं शिष्यवृत्तीचं प्रकरण मीच निस्तरलं होतं, त्यामुळं मला माहीत आहे. त्याच्या मागं गेलो तर आजोबा. आजोबांची जन्मतारीख काय आहे रे? एक जून. तुझ्या? एक जून. तुझ्या? तीच. या तालुक्यातली निम्मी म्हातारी माणसं एक जूनला जन्मली आहेत, कारण शाळेत घालायला आणलेल्या पोराचा हात डोक्यावरून कानाला पोचतो का ते बघून आमच्या आधीच्या गुरुजींनी तारीख टाकून दिली. त्या रजिस्टरची शाई मी पाहिली आहे, ते वरच्या कपाटात आहे. उद्या कुणी त्या तारखेवर बोट ठेवलं तर तुझा आजोबा काय सांगणार?

हसू नका. आसामात हे झालंय. 31 ऑगस्ट 2019 ला तिथली नागरिक नोंदणीची अंतिम यादी लागली, तेव्हा 19 लाख 6 हजार 657 माणसं बाहेर राहिली. नावाचं एक अक्षर, वयातला दोन वर्षांचा फरक, असल्या गोष्टींवर घरंच्या घरं न्यायाधिकरणाच्या दारात बसली. त्याच वर्षी तीस वर्षं सैन्यात काढलेल्या निवृत्त माणसाला परदेशी ठरवून डांबलं होतं. जामिनावर सुटला. सैन्यातला माणूस, घरी पदकं असलेला! आणि हेही ध्यानात ठेवा की या खटल्यांत ओझं सरकारवर नसतं. मी परदेशी नाही, हे त्या माणसानंच सिद्ध करायचं असतं.

पुढच्या बाकावरच्या बाईसाहेब, तुम्ही एवढी मान डोलावू नका. वक्तृत्व स्पर्धेत ‘माणसाला कसली आली सीमा’ असं म्हणून तू ढाल आणलीस, टाळ्या मीही वाजवल्या. पण ते भाषण होतं. सीमा असते. बांगलादेशाशी आपली 4,096 किलोमीटरची आहे, पाच राज्यांतून जाते, एकट्या पश्चिम बंगालात 2,217 किलोमीटर. त्यातल्या सुमारे 3,240 किलोमीटरला कुंपण झालंय. उरलेल्यात नद्या आहेत, दरवर्षी जागा बदलणारी वाळूची बेटं आहेत, दलदल आहे, अडकलेलं भूसंपादन आहे. कुंपणही खऱ्या रेघेच्या दीडशे यार्ड आत आहे, त्यामुळं आपल्याच शेतकऱ्याची जमीन तारेपलीकडं राहते. सकाळी फाटक उघडतं, ओळखपत्र जमा करून तो नांगरायला जातो, ठरल्या वेळेला परत यायचं. 2011 च्या जानेवारीत त्या तारेवर एक पंधरा वर्षांची मुलगी गोळी लागून तासन्‌तास लटकून होती. बापाबरोबर इकडून तिकडं परत जात होती, लग्नासाठी. तुमच्या वयाची. आणि तिथंच बंदूक घेऊन उभा असलेला आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थीही मला माहीत आहे. डिसेंबरच्या धुक्यात स्वतःचा हात दिसत नाही, सर, आणि समोरून जनावरं घेऊन येणाऱ्याच्या हातात कोयता असतो, असं त्यानं मला याच व्हरांड्यात बसून सांगितलंय. त्याला जाऊन सांगशील, सीमा म्हणजे थोतांड?

कागदाशिवाय देशात घुसणं हा गुन्हा आहे. 2025 चा नवा कायदा त्याला पाच वर्षांपर्यंत कैद सांगतो. खोटा पासपोर्ट केला तर सात. घुसलेल्याला शोधणं, खात्री करणं, परत पाठवणं हे सरकारचं काम आहे आणि ते झालंच पाहिजे. मुंबईत, ठाण्यात, पुण्यात असे लोक सापडले आहेत, मी कशाला नाकारू? पण खात्री करणं म्हणजे काय, ते ऐका. जून 2025 मध्ये मुंबईकडून उचललेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना थेट सीमेपलीकडं ढकललं गेलं. मागाहून कळलं, भारतीयच आहेत. मग दोन्हीकडच्या दलांच्या बैठका घालून परत आणले. त्याच महिन्यात दिल्लीतून बीरभूमची एक गरोदर बाई आठ वर्षांच्या पोरासकट पलीकडं पाठवली गेली. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, परत यायला डिसेंबर उजाडला. सगळं खातं, शिक्के, वकील असताना ही गत, आणि तुम्ही चौघं एका मोबाईलवर न्यायनिवाडा करणार!

आता तू. तुझे दोन काका आणि एक मामा गलाईवाले. एक कोइमतूरला, एक सिलिगुडीला, बरोबर? या वर्गात ज्यांच्या घरचं कुणी गलाईच्या धंद्यात बाहेर आहे त्यांनी हात वर करा. बघा. निम्मा वर्ग. खानापूर-आटपाडीत पाऊस पडत नव्हता म्हणून आपली माणसं सोनारांच्या गल्लीतली माती धुऊन सोनं काढायला आसेतुहिमाचल गेली. पंधरा-सोळाव्या वर्षी गेली, दुकानाच्या माळ्यावर झोपली, ॲसिडच्या धुरात फुप्फुसं जाळली. तिकडची भाषा त्यांना येत नव्हती. आजही चोरीचं सोनं घेतल्याच्या संशयावरून कुठल्या कुठले पोलीस येतात आणि त्यांना उचलून नेतात, त्यावर इथं मोर्चे निघतात. मागच्या मोर्चात तू घोषणा देत होतास, मी बँकेच्या पायरीवरून पाहिलं. ‘परप्रांतात आमच्या माणसाला चोर समजतात’ हे तुला मोर्चात कळतं. शाळेच्या आवारात नाही कळत.

तुमच्यातला एक मघाशी पुटपुटला, ‘सर, देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे.’ ऐकलं मी. चल, सुरक्षेचंच बोलू. जानेवारी 1993. रायगडात दिघीच्या जेट्टीवर रात्री माल उतरला. तो घेऊन निघालेल्या गाड्या गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवल्या. अडवल्या बरं का, पहारा झोपलेला नव्हता. मग घासाघीस झाली, आकडा ठरला, गाड्या सोडल्या. पुढच्याच महिन्यात शेखाडीला आरडीएक्स उतरलं. कस्टम्सचे अधिकारी त्यात सामील होते. 12 मार्चला मुंबईत बॉम्बस्फोटांत 257 माणसं मेली. ते पोलीस आणि ते अधिकारी कोर्टात दोषी ठरले. त्या पोलिसांची आडनावं ओळखीची होती, मराठी अस्खलित होतं. तुम्ही त्यांना भिंतीशी गाठून राष्ट्रगीत म्हणायला लावलं असतं तर त्यांनी सुरात म्हटलं असतं. 2008 ला दहा अतिरेकी कराचीहून आले, वाटेत ‘कुबेर’ नावाची आपली मासेमारीची बोट बळकावली, कुलाब्याच्या मच्छीमार नगरात उतरले. तिथल्या कोळ्यांनी त्यांना हटकलं होतं. 166 माणसं गेली.

गोंडघरच्या त्या फाट्यावर देश कितीला विकला गेला, हे मला या वर्गात कुणी कधी विचारलं नाही. उशिराच्या जन्मदाखल्यावर शिक्का मारणारा कोण, भाडेकरूची नोंद न करता खोली देणारा कोण, तेही नाही. त्यांच्यापुढं आवाज चढवायला छाती लागते. भात खाणाऱ्यापुढं लागत नाही.

आणि मीही शाळेच्या कमिटीत बसतो. या स्वच्छतागृहाच्या कामाला तीन ठेकेदारांचे दर आले, सगळ्यात कमी दराला आम्ही सही केली. इतकं स्वस्त कसं परवडतं, माणसं कुठून आणतो, त्यांची नोंद केली का, मी विचारलं नाही. तेव्हा या चौकशीत पहिली छडी माझ्या हातावर. ते मी मुख्याध्यापकांना लिहून दिलंय. तुम्हाला त्यात सूट नाही.

मोबाईलवाल्या, तू. तू हात लावला नाहीस, ओरडला नाहीस, हे खरंय. तू फक्त त्याचा चेहरा जवळून घेतलास. गाताना त्याचे ओठ थरथरत होते, तिथं तू मोठं करून घेतलंस. ते कुणाकुणाला पाठवलंस त्यांची नावं पाच वाजेपर्यंत माझ्या टेबलावर, आणि संध्याकाळी तुझ्या वडिलांना घेऊन ये. माणसाची वाट अडवून धरणं हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे, कलम 126. तुम्ही ते जन्मभर विसरणार नाही, एवढी व्यवस्था मी करीन.

सुट्टी संपल्यावर तो फरशीवाला कामावर आला नाही. स्वच्छतागृहात जाऊन बघितलं. चौथ्या ओळीपर्यंत फरशी बसली आहे, दोरी ताणलेली तशीच आहे, घमेल्यात कालवलेला माल घट्ट झालाय आणि त्यात थापी रुतून बसली आहे. डबा उघडा होता, कावळ्यांनी सांडला. ठेकेदाराला फोन लावलाय, तो म्हणतो, एसटी स्टँडवर बघतो.

चौघं जा. घमेलं हौदावर न्या. थापी ठोकून काढू नका, पात्याला पोचा पडेल. पाणी घालून मऊ करा आणि हातानं सोडवा. डबा घासा. तो आला तर त्याच्या हातात द्यायचं आहे.