कलमाचे दोन छेद

ख्रिस्ती झालेल्या मनुष्याने आपल्या लोकांच्या रीतीभातींपैकी काय राखावे व काय सोडावे, हा प्रश्न गावोगावच्या मंडळ्यांत वारंवार निघतो. एक बंधू म्हणतो, जुने ते सर्व उपटून टाकावे. उपासनेत टाळमृदंगही नको. दुसरा म्हणतो, बाप्तिस्मा झाला, आता आणखी काय बदलावयाचे? ह्या दोघांसही माळ्यापाशी उत्तर मिळेल, असे मला वाटते.

कोल्हापुराहून गगनबावड्याचा घाट उतरून देवगडाकडे गेले की हापुसाच्या बागा लागतात. हल्ली कोयकलमे पुष्कळ होतात. पण भेटकलमाची जुनी रीत बोधपर आहे. रायवळ आंब्याचे रोप कुंडीसह हापुसाच्या झाडापाशी नेतात. रोपाचे खोड व झाडाची तेवढ्याच जाडीची डहाळी, ह्यांची एकेक बाजू तासून, जखमेस जखम लावून बांधतात. दोनतीन महिन्यांत सांधा जुळतो. मग दोन छेद द्यावयाचे. सांध्यावरचा रोपाचा शेंडा छाटतात, आणि सांध्याखाली ती डहाळी हापुसाच्या झाडापासून तोडतात. तेही एकदम नव्हे, बेताबेताने. पहिला छेद टाळला तर रायवळच वाढेल. दुसरा टाळला तर डहाळी जन्मभर दुसऱ्याच्या झाडावर जगेल. रोपाचे मूळ मात्र कोणी कापीत नाही. आपल्या मातीतला ओलावा शोधणारे तेच.

हापूस हे नावदेखील पोर्तुगीज. पण आज त्यास परका कोण म्हणतो? १८५२ साली रॉयल वाइल्डर साहेब कोल्हापुरास आले, तेव्हा शुभवर्तमानही येथे परकेच वाटले असेल. ते आपले कसे होते, हे रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या चरित्रात दिसते. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण मराठीचे मूळ तोडले नाही. अभंग व कीर्तन ह्यांतूनच ख्रिस्त गाइला. ब्राह्मण्याच्या अभिमानाचा शेंडा त्यांनी छाटला. पुढे १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. हा दुसरा छेद.

आपले काय? आपण पुष्कळदा उलटे करितो. ओवी व भजन हलके मानून मूळ कापितो, आणि जो शेंडा कापावयाचा तो राखितो. छप्पर गळू लागले की बाहेरून कोणी पैसे पाठवील म्हणून वाट पाहतो, आणि मूठभर धान्याचे दान कमी लेखितो.

आणखी एक गोष्ट माळी जाणतो. कलम लागल्यावरही सांध्याखालून रायवळाचे फुटवे येतात. ते जोमदार दिसतात, म्हणून नवखा मनुष्य हर्षतो. पण ते अन्नरस खाऊन कलमास मारितात. आपल्या घरी सोयरीक निघाली की, मुलगा प्रार्थनाशील आहे काय हे विचारण्याआधी ‘मूळचे कोण?’ असे विचारितात. हाच तो फुटवा. पिढ्या लोटल्या तरी तो फुटतो, म्हणून एकदा खुडून भागत नाही.

पौलानेही कलमाचाच दाखला देऊन रोमच्या मंडळीस गर्वाविषयी सावध केले होते. तेव्हा प्रिय बंधुभगिनींनो, टाळ खुशाल वाजवा. पण पुढची सोयरीक ठरविण्यास बसाल, तेव्हा तो प्रश्न ओठांवर येण्याआधीच खुडून टाका.