आधी तासिका मागा

अभ्यासात मागे पडलेल्या मुलांसाठी शाळा जो प्रस्ताव पाठवते, तो साधारण कसा असतो हे शिक्षण खात्याशी थोडाफार संबंध आलेल्या कुणालाही माहीत आहे. पहिल्या पानावर शाळेचं नाव, यूडायस क्रमांक, पट आणि कार्यरत शिक्षक. मग प्रस्तावना, तिच्यात बहुधा शिक्षणाचं महत्त्व. मग उद्दिष्टं. मग खरा ऐवज, म्हणजे मागणीचा तक्ता: एलईडी टीव्ही एक, गणित पेटी दोन, शब्दकार्डांचे संच, बोलक्या भिंतींचं रंगकाम. शेवटी अपेक्षित फलनिष्पत्ती: ‘सर्व विद्यार्थी प्रगत होतील.’ खाली मुख्याध्यापकांची आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांची सही.

एवढ्या कागदांत एक गोष्ट सापडत नाही. पाचवीतल्या ज्या मुलाला अजून जोडाक्षर वाचता येत नाही, त्याला रोज किती वाजता, कुणी, कुठल्या खोलीत बसवून काय शिकवायचं ठरलंय? माझ्या मते प्रस्तावाचा गाभा तेवढाच आहे. टीव्ही, पेट्या, रंग हे सगळं त्याच्या मागून येऊ दे. मागायची पहिली गोष्ट म्हणजे तासिका.

वस्तूच का मागितल्या जातात, याचा दोष शिक्षकांच्या माथी मारण्यात अर्थ नाही. नमुन्यातले रकानेच वस्तूंचे असतात. वस्तूचं दरपत्रक मिळतं, बिल मिळतं, साठा नोंदवहीत नोंद होते, उपयोगिता प्रमाणपत्र देता येतं आणि लेखापरीक्षणात कुणी बोट ठेवत नाही. कंपनीच्या सीएसआरमधून पैसे आले असतील तर टीव्हीवर नावाची पट्टी लावून फोटोही काढता येतो. रोज सकाळी अकरा ते बारा या वेळात आठ मुलांना वाचायला शिकवलं, याचं बिल कुठून आणायचं? जी गोष्ट कागदावर सिद्ध करणं सोपं, तीच मागण्याची सवय मग लागते. पटावर 31 ते 100 मुलं असलेल्या शाळेला समग्र शिक्षा अभियानाचं संयुक्त अनुदान नियमाप्रमाणे वर्षाला 25 हजार रुपये. त्यात वीजबिल, खडू, डागडुजी, स्वच्छता सगळं बसवायचं, म्हणून बाहेरून काही मिळायची संधी दिसली की यादी लांबते. हे मी समजू शकतो.

पण वस्तूंनी मागे पडलेलं मूल पुढे येतं का, याची तपासणी झालेली आहे. केनियाच्या पश्चिम भागात 1990 च्या दशकात काही शाळांना सरकारमान्य पाठ्यपुस्तकं फुकट वाटली. पुस्तकांचा तुटवडा इतका होता की नुसत्या वाटपानं निकाल सुधारेल, असं कुणालाही वाटलं असतं. सरासरी गुण हललेच नाहीत. फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांना. पुस्तकं इंग्रजीत होती, ती अनेक मुलांची तिसरी भाषा, आणि त्या इयत्तेच्या पुढच्या बाकावरच्या मुलाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली. ज्याला वाचता येत होतं त्यानं वाचली. हा अभ्यास करणाऱ्यांपैकी मायकेल क्रेमर यांना पुढे 2019 मध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आपल्याकडचा वर्ग यापेक्षा फार वेगळा नाही. पाचवीचे गुरुजी पाचवीचं पुस्तक शिकवतात, कारण अभ्यासक्रम पूर्ण करण्याची जबाबदारी त्यांच्यावर आहे. ज्याला दुसरीचा उतारा जमत नाही ते मूल त्या वर्गात गप्प बसतं, फळ्यावरचं सुबक उतरवून घेतं आणि वही तपासताना त्याला ‘छान’ मिळतं. ही मुलं थोडीथोडकी नाहीत. ‘असर’च्या पाहणीत 2022 साली ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी 42.8 टक्क्यांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. 2024 मध्ये आकडा 48.8 वर चढला. म्हणजे अजूनही निम्म्याहून अधिक मुलं पाचवीच्या बाकावर बसून दुसरीच्याही अलीकडे आहेत. त्यांच्यासमोर टीव्हीवर पाचवीचाच धडा लावला, तर तो रंगीत दिसेल इतकंच.

मुंबईत याच्यावर एक साधा उपाय करून पाहिला गेला. ‘प्रथम’ या संस्थेनं महापालिकेच्या शाळांमध्ये बालसखी नेमल्या. वस्तीतलीच, माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेली तरुण मुलगी. तिसरी-चौथीतली मागे पडलेली वीसेक मुलं ती शाळेच्या वेळातच रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसायची आणि अक्षर, शब्द, बेरीज, वजाबाकी इथून सुरुवात करायची. खोली नसेल तर व्हरांड्यात. मानधन महिन्याला 500 ते 750 रुपये. बॅनर्जी, डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात याचा अभ्यास केला, तो 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांचे गुण वाढले, आणि वाढ मुख्यतः खालच्या मुलांची होती. त्यातला एक बारीक निष्कर्ष मला सगळ्यात मोलाचा वाटतो. वीस मुलं बाहेर गेल्यावर मूळ वर्गात गर्दी कमी झाली, तरी वर्गातच उरलेल्या मुलांना त्याचा काही लाभ दिसला नाही. बालसखीकडे गेलेलीच मुलं सुधारली. म्हणजे जागा, गर्दी, साहित्य यांपेक्षा त्या दोन तासांत मुलाच्या पातळीवरचं काम होत होतं, याला महत्त्व.

यावर कुणी म्हणेल की मग शिक्षकांनाच तसं प्रशिक्षण द्या आणि साहित्य द्या. बिहारमध्ये तेही झालं. सरकारी शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, साहित्य दिलं. शाळेच्या नेहमीच्या दिवसांत परिणाम शून्य. पण तशाच सरकारी शिक्षकांनी उन्हाळी सुट्टीतल्या महिनाभराच्या वर्गात तीच पद्धत वापरली तेव्हा मुलं पुढे गेली. फरक शिक्षकांत नव्हता. सुट्टीतल्या वर्गात अभ्यासक्रम संपवायचा नव्हता, शाळेत होता. पुढे 2012-13 मध्ये हरियाणात हा धडा घेऊन दिवसातला एक तास या कामासाठी वेगळा काढला. तिसरी ते पाचवीची मुलं त्या तासाला इयत्ता विसरून पातळीप्रमाणे बसत, आणि देखरेख करणाऱ्यांनी आधी स्वतः पंधरा-वीस दिवस असे वर्ग घेतले होते. हिंदी वाचन सुधारलं. गणित मात्र नाही, हेही सांगायला हवं. तास काढला की सगळं आपोआप होतं, अशी या पद्धतीच्या बाजूनं बढाई मारण्यात अर्थ नाही.

आता प्रस्तावाकडे येऊ. तासिका मागायची तर कुणासाठी, हे आधी कळायला हवं, आणि ते घटक चाचणीच्या गुणांवरून कळत नाही. प्रत्येक मूल एकेकटं समोर बसवून त्याच्याकडून वाचून घ्यावं लागतं. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट अशी ‘असर’ची चार पायऱ्यांची चाचणी 2005 पासून वापरात आहे. तेवढी पुरे. एका मुलाला पाच-दहा मिनिटं लागतात. उतारा मात्र मुलानं आधी न पाहिलेला हवा. नाहीतर बालभारतीचा धडा मूल घडाघडा म्हणून दाखवतं, आणि आपण पुस्तकात डोकावलं की कळतं, त्याचं बोट भलत्याच ओळीवर आहे.

चूक कुठली होते ते तशीच्या तशी लिहून ठेवावी. 52 मधून 17 वजा करून मूल 45 लिहितं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्यानं सातातून दोन काढले. या मुलाला ‘वजाबाकी येत नाही’ असं लिहिणं चूक आहे. त्याला दशक सुटा करता येत नाही. दुसरं मूल चारशे तीन हे 4003 असं लिहितं, ऐकलं तसं. तिसरं पंचवीस ऐकून 52 लिहितं, कारण पाच आधी ऐकू येतात. (याच अडचणीसाठी 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असं वाचन पर्याय म्हणून आलं तेव्हा राज्यभर चेष्टा झाली. चेष्टा करणाऱ्यांपैकी कितीजण अशा मुलासमोर पाटी घेऊन बसले होते, कोण जाणे.) चौथं ‘चक्र’ला ‘चकर’ वाचतं. ही चार मुलं निकालपत्रकात एकाच ‘ड’ श्रेणीत दिसतात आणि चौघांना शिकवायचं मात्र निरनिराळं. प्रस्तावात एक पान असं असावं: नावं नकोत, पण किती मुलं कुठल्या पायरीवर अडली आहेत आणि नेमकी कशात.

मग प्रश्न येतो तासिका काढायची कुठून. शाळा सुटल्यावर जादा तास हा पहिला विचार सुचतो आणि तो बहुतेक वेळा फसतो. सुटल्यावर मुलीला धाकट्या भावंडाला सांभाळायचं असतं, कुणाला शेळ्यांकडे जायचं असतं, कुणाची एसटी निघून जाते. खेळाच्या तासाला बसवलं तर ती शिक्षा होते. तास काढायचा तो भाषा आणि गणिताच्या तासांतूनच. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 दिवस आणि 800 तास अध्यापन ठरवलं आहे. रोज एक तास धरून साठ दिवसांचा उपक्रम केला तर 800 पैकी साठ तास जातात. अभ्यासक्रम बुडेल ही भीती या हिशेबापुढे फारशी टिकत नाही, आणि ज्याला वाचता येत नाही त्याचा अभ्यासक्रम तसाही बुडालेलाच आहे.

दोनशिक्षकी शाळेत हे जमतं का? उलट तिथं बरं जमतं. एकाच तासाला दोन्ही वर्ग मोडायचे. तिसरी ते पाचवीतली अक्षर-शब्दाच्या पायरीवरची मुलं एका खोलीत, उतारा-गोष्टीची दुसऱ्या खोलीत, पहिली-दुसरीची मुलं त्यांच्या पायरीप्रमाणे या दोहोंत. अट एकच, तास दोघांचा एकाच वेळी हवा. म्हणून तर तो वेळापत्रकात छापलेला हवा, ‘सवडीप्रमाणे’ नको. आणि अक्षराच्या गटाकडे शाळेतला सगळ्यात चांगला शिकवणारा शिक्षक जावा. नेमकं उलट घडतं: मुख्याध्यापक वरचा गट घेतात आणि खालचा गट नव्यानं आलेल्या स्वयंसेवकाच्या वाट्याला येतो. पाचवीतला मोठा मुलगा तिसरीच्या मुलांबरोबर बसायला लाजतो, ही अडचण खरी आहे. गटांची नावं नद्यांची किंवा किल्ल्यांची ठेवून आणि दर दोन आठवड्यांनी मुलांना पुढच्या गटात हलवून ती बरीच कमी होते. हलवलंच नाही तर तो गट कायमचा ‘ढ’ मुलांचा वर्ग होऊन बसतो.

ऊसतोडीच्या पट्ट्यात साठ दिवस कुठले, हेही ठरवावं लागतं. दिवाळीनंतर निम्मा वर्ग कोयत्यावर जात असेल तर डिसेंबरात सुरू होणारा उपक्रम ज्यांच्यासाठी आखला तीच मुलं सोडून बाकीच्यांना मिळतो. तिथं जुलै ते सप्टेंबर हाच काळ.

एवढं ठरलं की गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे मागायच्या गोष्टीही बदलतात. या साठ दिवसांत त्या तासाला शिक्षकांना बैठकीला, प्रशिक्षणाला, माहिती भरायला बोलवू नका, हे लेखी मागा. केंद्रप्रमुखांनी भेटीला येताना त्याच तासाला यावं, दप्तर तपासण्याऐवजी चार मुलांकडून वाचून घ्यावं, हे मागा. देणगीदाराकडे टीव्हीऐवजी गोष्टींची पातळ, मोठ्या अक्षरांची पुस्तकं आणि गावातल्या एका शिकलेल्या मुलीचं तीन महिन्यांचं मानधन मागा. अपेक्षित फलनिष्पत्तीच्या रकान्यात ‘सर्व प्रगत’ लिहू नका. सुरुवातीला अक्षराच्या पायरीवर इतकी मुलं होती, साठ दिवसांनी त्याच चाचणीत इतकी उताऱ्यावर आणायची आहेत, असा मोजता येणारा आकडा लिहा. तो चुकला तर निदान कळेल तरी.

शेवटचा शब्द शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांसाठी. कायद्यानं समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आहेत, निम्म्या महिला आहेत, आणि शाळा विकास आराखडा तयार करणं हे समितीचं काम आहे. आयत्या कागदावर सही करणं एवढंच नव्हे. पुढच्या बैठकीत प्रस्ताव समोर आला की मागणीच्या तक्त्याआधी वेळापत्रक दाखवायला सांगा. त्यात तो तास सापडला नाही, तर सही करू नका.